दहा पटीचं सोनारी भिंग आणि लाकडावरची अळंबी

कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांची हत्यारं विकणारं एक चिंचोळं दुकान आहे. चिमटे, मुशी, कानशी, फुंकण्या, छोटे तराजू असं सगळं छतापर्यंत लागलेलं. गेल्या वर्षी जूनमध्ये मी तिथून एक घडीचं भिंग घेतलं. सोन्याशी माझा काही संबंध नाही. मी आजऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मला लाकडावर उगवणारी बारीक अळंबी ओळखायला शिकायचं होतं. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. पाऊस असेल त्या दिवसांत हे भिंग रोज माझ्या गळ्यात असतं, त्यामुळे त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असं वाटतं.

भिंग का घ्यावं लागलं ते आधी सांगते. आमच्या परसात गोठ्याच्या वळचणीखाली आंब्याच्या लाकडांची रास आहे. चार वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या झाडाचे ते ओंडके. दोन वर्षांपूर्वी आषाढात त्यांवर पांढुरके, नखाएवढे पंखे फुटले, शेकड्यांनी. देठ जवळजवळ नाहीच, एका बाजूने लाकडाला चिकटलेले. मी फोनवर फोटो काढून ओळख सांगणाऱ्या एका अ‍ॅपला विचारलं. एकाच ओंडक्याच्या तीन फोटोंना तीन नावं आली, त्यातलं एक ढिंगरीचं. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही ढिंगरीच हाय न्हवं? कवळी हाय अजून. बाजारात दोनशे रुपयं किलो हाय." त्यांच्या हातात वाडगं होतं. मी त्यांना थांबवलं, पण का थांबवलं ते मला धड सांगता आलं नाही. "मला नक्की ठाऊक नाही" एवढंच म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला परसातल्या लाकडावर काय उगवलंय ते सांगता येऊ नये, हे मला लागलं.

मग पहिली चूक झाली. घरबसल्या एक भिंग मागवलं. डबीवर ठळक अक्षरांत "३० पट" छापलेलं, किंमत दीडशे रुपये, बाजूला छोटा दिवा. आलं तेव्हा मुलं खूश झाली. पण त्यातून बघितलं की मधला चण्याएवढा भाग स्पष्ट आणि कडेला सगळं ताणलेलं, पांढऱ्या वस्तूंभोवती निळी-पिवळी किनार. अळंबीसारख्या पांढुरक्या गोष्टीला ही किनार फार नडते. खरा रंग करडा की गुलाबीसर हेच कळत नाही. शिवाय ते ३० पट नव्हतंच.

हे तपासायला फक्त पट्टी लागते, म्हणून सगळ्यांना सांगते. साधारण डोळा २५ सेंटीमीटरवरची वस्तू आरामात बघतो असं धरतात. २५ ला भिंगाच्या पटीने भागा, म्हणजे वस्तू भिंगापासून साधारण किती अंतरावर स्पष्ट दिसायला हवी ते मिळतं. १० पटीला अडीच सेंटीमीटर, २० पटीला सव्वा, ३० पटीला तर जेमतेम आठ मिलिमीटर. माझं "३० पटीचं" भिंग साडेतीन सेंटीमीटरवर स्पष्ट दाखवत होतं. म्हणजे ते सात पटीचं. आठवीच्या मुलांकडून हा हिशेब करून घेतला, तेवढा त्या दीडशे रुपयांचा उपयोग झाला.

गुजरीतल्या दुकानात मालक काका साठीच्या पुढचे. मी म्हटलं, दहा पटीचं भिंग हवंय, कडेला वाकडं न दाखवणारं. त्यांनी तीन भिंगं काढून काचेवर ठेवली आणि स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दिली. "आतला हॉलमार्क वाचून दाखवा." मी हात लांब करून भिंग अंगठीवर धरलं, शाळेत भिंग धरतात तसं. काकांनी माझा हात धरून वर आणला. "असं न्हाई ताई. भिंग डोळ्याला लावायचं, पापणी लागंल इतकं. आणि वस्तू भिंगाकडं आणायची. दुसरा डोळा मिटायचा न्हाई, उघडाच ठेवायचा." तसं केल्याबरोबर २२के९१६ आणि त्याच्याशेजारची सहा अक्षरांची ओळखखूण समोर उभी राहिली, एकेक अक्षराची कडा दिसत होती. एवढं एक शिकवणं त्या भिंगाच्या किमतीइतकं मोलाचं होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लागायला मला आठवडा लागला, पण तासभर लाकडं न्याहाळून डोकं दुखत नाही ते त्यामुळेच.

मी पर्समध्ये ग्राफपेपरचा तुकडा नेला होता. मिलिमीटरच्या चौकोनांवर तिन्ही भिंगं धरून बघितली. दोनांत कडेच्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या. तिसऱ्यात सरळ राहिल्या, रंगाची किनारही नाही. काका म्हणाले, "त्यात तीन काचा चिकटवल्यात." एकाच काचेत होणारा रंगांचा आणि कडेचा दोष तीन काचा एकमेकींच्या जोडीने काढून टाकतात, म्हणून जोडकाम महाग. किंमत साडेसातशे सांगितली आणि सातशेला दिलं. व्यास १८ मिलिमीटर, पोलादी झाकणात घडी होऊन बसतं, बंद केलं की सुपारीएवढं.

घरी आल्यावर पहिल्यांदा वळचणीखाली गेले. चार दिवस उघाडी होती, त्यामुळे मागच्याच वर्षासारखे पंखे फुटलेले, पण सुकून आकसलेले. एक काढून उलटा केला आणि भिंगापाशी आणला.

वरून बघितलं तर घोंगडीच्या कडेसारखी करडी-पांढरी लव. हे नुसत्या डोळ्यांनाही कळतं. खाली मात्र एका बिंदूतून हातपंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या पसरलेल्या, करड्या आणि किंचित गुलाबीसर. ढिंगरीच्याही पट्ट्या अशाच पसरतात, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतील. भिंगातून दिसलं ते वेगळं होतं. प्रत्येक पट्टी कडेपासून उभी चिरलेली, म्हणजे ती एक नाहीच, पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन पाती आहेत. सुकल्यामुळे दोन्ही पाती एकमेकींपासून दूर वळली होती, उघडलेल्या पुस्तकाची पानं दोन्हीकडे कलंडावीत तशी. एका पट्टीचं पातं शेजारच्या पट्टीकडे झुकतं आणि मधली फट झाकली जाते. त्या फटीच्या भिंतींवरच बीजाणू तयार होतात. पाऊस नाही तोवर बीजाणूंची जागा मिटून ठेवायची, अशी ही रचना.

मी तो तुकडा बशीत ओल्या फडक्यावर ठेवला आणि कुकर लावायला गेले. जेवणं उरकून परत बघितलं तर लव चपटी झालेली, पंखा जवळजवळ दीडपट रुंद आणि वळलेली पाती सरळ होऊन एकमेकींना चिकटलेली. फटी उघड्या. चीर आता फक्त पट्टीच्या कडेवर एका बारीक खोबणीसारखी दिसत होती. माहीत नसतं तर मी ती चुकवली असती. म्हणून ही अळंबी ओळखायची तर सुकी बघावी, असं मी आता मुलांना सांगते.

हिचं शास्त्रीय नाव स्किझोफायलम कम्युन. स्किझो म्हणजे चिरलेलं, फायलम म्हणजे पान. १८१५ मध्ये स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी हे नाव दिलं. अंटार्क्टिका सोडलं तर ती प्रत्येक खंडात सापडते, म्हणजे कम्युन, सर्वसामान्य, हेही खरंच. विनिपेगला काम करणारे रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिचे नमुने वाळवून नळीत बंद करून ठेवले होते. पन्नासहून जास्त वर्षांनी पाणी मिळाल्यावर ते पुन्हा जिवंत झाले. माझ्या बशीतल्या तुकड्याने चार दिवसांची उघाडी काढली याचं मग नवल वाटलं नाही. हिच्यात नर-मादी अशी दोनच रूपं नसतात, एकमेकांशी जुळू शकणारे प्रकार वीस हजारांच्या वर आहेत. नववीत पुनरुत्पादनाचा धडा घेताना हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

वहिनींना बोलावून चिरलेल्या पट्ट्या दाखवल्या. "आगं बाई, दोन-दोन हाईत की!" त्या म्हणाल्या. मणिपुरात ही अळंबी खातात, तिथे तिला कांगलायेन म्हणतात, हेही मी त्यांना सांगितलं आणि आपण खायची नाही हेही सांगितलं. त्या ओळखीला तिथे पिढ्यांचा आधार आहे, इथे माझ्याकडे दोन आठवड्यांचा होता. चामट असते ती, ढिंगरीसारखी लुसलुशीत नाही. वहिनींचा रस तिथेच संपला.

या बाबतीत मी कडक आहे आणि भिंग विकत घेणाऱ्याने कडकच राहावं अशी माझी मनापासून विनंती आहे. भिंग ओळखीला मदत करतं, खायची परवानगी देत नाही. लाकडावर उगवणाऱ्या बारीक तपकिरी अळंबींमध्ये युरोप-अमेरिकेत गॅलेरिना मार्जिनाटा नावाची एक जात आहे. तिच्यात यकृत निकामी करणारं विष असतं, आणि लक्षणं दिसायला सहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. तिथल्या जाणत्या माणसांचीही खाण्याजोग्या अळंबीशी तिची गल्लत होते. देठावरचं विरलेलं कडं, बीजाणूंचा गंजासारखा रंग, असल्या खुणांवर सगळं अवलंबून. ते कडं पावसाने धुतलं गेलं की दहा पटीतही दिसायचं नाही.

बीजाणूंचा रंग बघायला भिंग लागतही नाही, पण मी दोन्ही जोडीनेच वापरते. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्यायचा, त्यावर छत्री देठ कापून पालथी ठेवायची, वरून वाटी झाकायची आणि सकाळी उचलायची. कागदावर बीजाणूंची नक्षी पडलेली असते. चिरलेल्या पट्टीवालीची काळ्या कागदावर पांढरी पडली. शाळेमागच्या चिंचेच्या बुंध्यावर ऑगस्टमध्ये एका रात्रीत शे-दोनशे छत्र्या आल्या होत्या, एकेक शर्टाच्या गुंडीएवढी, फिकट राखी, घडीच्या पंख्यासारख्या चुण्या पडलेल्या. तिची नक्षी पांढऱ्या कागदावर काळपट उमटली. भिंगातून कोवळ्या छत्रीवर अगदी बारीक, काचेसारखे केस दिसले, तिरप्या उजेडात चमकणारे. तेव्हा कॉप्रिनेलस डिसेमिनाटस ही ओळख पटली. ते केस फोनच्या फोटोत येत नाहीत, मी दहादा प्रयत्न केलाय.

तिरपा उजेड म्हणाले ते महत्त्वाचं आहे. या भिंगाला दिवा नाही आणि ते मला आता बरंच वाटतं. दिव्याच्या भिंगात उजेड सरळ पडतो आणि सगळं सपाट दिसतं. मी वस्तू डाव्या हातात धरून खिडकीकडे कूस करून उभी राहते, म्हणजे केस, खवले, चुण्या यांच्या सावल्या पडतात. जंगलात, दाट झाडीखाली मात्र उजेड कमी पडतो. तिथे छोटी विजेरी बाजूने धरावी लागते आणि दोन हात अपुरे पडतात. कुणीतरी सोबत लागतं.

आंबोलीला मी दर पावसाळ्यात दोन-तीनदा जाते. आमची हिरण्यकेशी तिथूनच येते. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, लाकूड वाळायला फुरसतच नसते. गेल्या वर्षी जुलैत एका रात्री जंगलात विजेऱ्या बंद करून आम्ही पंधरा मिनिटं नुसते उभे राहिलो. डोळे अंधाराला सरावल्यावर पायाशी पडलेल्या काटक्या हिरवट उजळू लागल्या. फार मंद उजेड असतो, थेट बघितलं की हरवतो, जरा बाजूला नजर ठेवली की दिसतो. अशा उजळणाऱ्या बुरशीतल्या बऱ्याच जाती मायसीना प्रजातीतल्या आहेत. त्या जागेवर दगडांची खूण ठेवून आम्ही सकाळी परत गेलो. एका कुजलेल्या काटकीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या टोप्या होत्या, इतक्या पातळ की खालच्या पट्ट्या वरून रेघांसारख्या दिसत होत्या. गुडघे चिखलात टेकून, काटकी न उचलता, भिंग लावून बघितलं. देठाच्या बुडाशी लाकडाला चिकटलेली इवली पांढरी चकती होती. एवढ्यावरून मी मायसीनासारखी एवढंच वहीत लिहिलं, जात लिहिली नाही. पुढे जायला सूक्ष्मदर्शक लागतो. दहा पट तिथे थांबतं, हे घेणाऱ्याला आधी माहीत असावं.

माहेरी, सावंतवाडीकडे, याच भिंगाने एक जुनी गोष्ट नव्याने दाखवली. आईकडे फणसांब्याचा तुकडा असतो, जुन्या फणसाच्या खोडावर येणाऱ्या टणक बुरशीचा. बाळाला लाळ फार गळत असली किंवा तोंड आलं की सहाणेवर पाण्यात उगाळून लावायची तिच्याकडे पद्धत. मी लहानपणापासून तो बघितलाय, खालची बाजू मला नेहमी तपकिरी मखमल वाटायची. भिंगातून दिसलं की मखमल नाही, सुईच्या टोकाने टोचल्यासारखी भोकं आहेत, मिलिमीटरभरात अनेक, सगळी एकसारखी. पट्ट्या नाहीतच. फेलिनस प्रजातीतल्या बुरशीचे बीजाणू त्या भोकांतून पडतात. आईला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्सा घासतंय मी ह्याका, आणि ह्येका घरां आसत ता म्हायतच नाय." तिने त्या दिवशी घरातलं काय काय भिंगाखाली घातलं सांगता येणार नाही. मिठाचा खडा, तिळाची बी, स्वतःचं बोट.

आता तक्रारी. दमट हवेत भिंग डोळ्याजवळ नेलं की श्वासाने धुकं धरतं. खालच्या ओठाने श्वास खाली सोडायचा आणि भिंग दोन मिनिटं मुठीत गरम करायचं, एवढ्याने भागतं. झाकणाचा खिळा सहा महिन्यांत सैल झाला, भिंग आपोआप बाहेर लोंबू लागलं. काकांनी एका टोल्यात बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. तिसरी तक्रार मोठी आहे. पहिल्या पावसाळ्यात मी भिंग चामड्याच्या पाकिटातच ठेवायची. ऑक्टोबरमध्ये काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. काचेवर बुरशी धरली होती. चामडं ओल धरतं आणि काचेवरच्या पुसटशा तेलकटपणावरही बुरशी भागवते. मऊ कापडाने बरीचशी निघाली, एक पुसट डाग राहिला, तो कडेला आहे म्हणून चालतंय. तेव्हापासून पावसाळाभर, गळ्यात नसेल तेव्हा, भिंग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतं, औषधाच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाकून. दर पंधरवड्याला पुड्या तव्यावर मंद आचेवर जरा गरम करून घेते. दुकानदाराने हे आधी सांगायला हवं होतं असं मला वाटतं, पण सोनाराचं भिंग दुकानात कोरड्या गादीवर राहतं, त्यांना हा अनुभव नसणार.

२० पटीचं घ्यावं का, असं विचारतात. मी एका ओळखीच्या सरांचं वापरून बघितलं. वस्तू इतकी जवळ न्यावी लागते की स्वतःचीच सावली पडते, आणि एका वेळी स्पष्ट दिसतो तो थर कागदाएवढा पातळ. ओंडक्यावरच्या ओबडधोबड वस्तूला ते जमत नाही. फोनला लावायचा भिंगाचा चिमटा मात्र सोबत असावा, नोंद ठेवायला. त्याने काढलेला फोटो वहीतल्या वर्णनाशेजारी चिकटवते. वर्णनात पाच गोष्टी लिहिल्याशिवाय मी मुलांना नाव शोधू देत नाही: कोणत्या झाडाचं लाकूड, छत्रीखाली पट्ट्या की भोकं, देठ कुठे जोडलाय, ओली की सुकी असताना बघितली, नक्षीचा रंग. लाकूड कोणतं हे सगळ्यात जास्त चुकतं. पावसात साल गळून गेलेला ओंडका ओळखायला मला आमच्या गड्याला विचारावं लागतं आणि तो वासावरून सांगतो.

या जुलैत मी शाळेसाठी आणखी पाच भिंगं आणली, त्याच दुकानातून. काकांनी साडेसहाशेने दिली आणि विचारलं, "ताई, शाळेत सोनं तपासताय काय?" मी फोनमधला चिरलेल्या पट्ट्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, फोन स्वतःच्या भिंगाखाली धरला आणि आतून मुलाला हाक मारली.

पाचही भिंगांना लाल गोफ बांधलाय. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला ती वाटली जातात आणि संध्याकाळी मोजून डब्यात परत जातात. आतापर्यंत एकही हरवलेलं नाही.